जाळं खालून शिवणारी बाई

हातात खडू आला की सुकेशनीच्या अंगात पुणं संचारायचं. येलदरीच्या सार्वजनिक वाचनालयाची ती ग्रंथपाल. रविवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये ती पडद्यावर सिनेमा दाखवायची आणि त्याची शिफारस शुक्रवारीच दाराबाहेरच्या फळ्यावर लिहून टाकायची. आणि काय लिहायची! ‘मानवी अस्तित्वाच्या एकाकीपणाचा मूलगामी वेध घेणारी अजोड कलाकृती. चुकवू नये.’ गाव ते वाचायचं, मान डोलवायचं आणि न विसरता चुकवायचं.

पुण्यात ग्रंथपालाचा कोर्स करताना तिला एका फिल्म क्लबाचा नाद लागला होता. तिथं ती आडवाटेचे सिनेमे बघायची. हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव लोकांनी ज्यांचं नाव ऐकलेलं नसतं आणि उरलेल्या एकानं जे जन्मभर उराशी धरलेले असतात, असे. परक्या शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या त्या पोरीला त्या अंधारात पहिल्यांदा वाटलं होतं की आपण एकटे नाही. तेच सुख आपल्या गावाला द्यायचं, एवढा एकच हट्ट घेऊन ती परत आली होती.

पण गावाला ते सुख पचेना. पहिल्या सिनेमात तीन बायका एका ओसाड स्टेशनावर गाडीची वाट बघत बसतात आणि गाडी काही येत नाही. ‘हे तर आमी पालमच्या एष्टीसाठी रोज करतो, त्याला सिनेमा कामून पायजे?’ असं म्हणत लोक उठले. दुसऱ्यात घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा शेवटी स्वतःच घड्याळ होऊन बसतो. तो सुरू झाला तेव्हा हॉलमध्ये अकरा माणसं होती, संपला तेव्हा एक. ते एकही घोरत होतं.

मग वाचनालयाचे अध्यक्ष भगवानराव आले. त्यांचा मंडप-लाइटिंगचा धंदा. माणूस तोंडानं गोड, हिशेबाला पक्का.

“ताई, शिनेमाला आमची ना न्हाई,” ते म्हणाले. “पण बघणारं कुणी पायजे का नको? येत्या रविवारी तीस माणसं शेवटापर्यंत बसली, तर रविवार तुमचा. न्हाईतर हॉल साखरपुड्याला, बारशाला देऊन टाकू.”

साखरपुड्याला खुर्च्या आणि पडदे कुणाचे लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण माणसं येत नव्हती, हे तर खरंच होतं. पुस्तकांची देवघेव काय, ती कुणीही केली असती. रविवार गेला तर या गावात आपण कशासाठी परत आलो, हे तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं.

गुरुवारी दुपारी ती कॉम्प्युटरवर शेवटचा डाव म्हणून निवडलेला सिनेमा चाळत बसली होती. कुठल्याशा थंड मुलखातला, जुना, काळा-पांढरा. तळ्याकाठचा एक मासेमार आणि त्याची नवी बायको. सगळ्या सिनेमात मिळून बोलणं वीसेक वाक्यांचं. तेवढ्यात दगडाबाई आत आली. ती स्टँडाजवळ मासळी विकायची आणि टोपली रिकामी झाली की वाचनालयाच्या पंख्याखाली टेकायची. तिनं पदरानं वारा घेत कॉम्प्युटरकडं पाहिलं आणि ताडकन उठली.

“आगं माय! ही बया जाळं खालून शिवायलीय की! कुणी शिकवलं हिला?”

“म्हणजे काय, मावशी?”

“फाटलेलं वरच्या अंगानं धरावं लागतंय. खालून शिवलं की दिसायला नीट दिसतं, पण वजन आलं की टराटरा जातंय. हिच्या नवऱ्याचं काई खरं न्हाई बघ.”

हा सिनेमा सुकेशनीनं सात वेळा पाहिला होता. त्यावरचे मोठमोठे लेख तिनं कापून ठेवले होते. त्यातल्या एकाही शहाण्यानं जाळ्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

शुक्रवारी तिनं फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘परदेशी सिनेमातली एक बाई जाळं चुकीचं शिवते. कुठं चुकते, ते येलदरीत कुणाला कळतं का बघू. रविवारी तीन वाजता.’

झालं. धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या गावाला कुणी जाळ्यावरून डिवचल्यावर गाव गप्प बसतंय थोडंच! रविवारी तीनला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांना गोधड्या टांगलेल्या होत्या. पहिल्या रांगेत मच्छीमार सोसायटीचे व्यंकटराव हाताची घडी घालून बसले होते. ते सिनेमा बघायला आलेच नव्हते, चोर पकडायला आले होते. भगवानराव दाराशी माणसं मोजत उभे होते. साठाच्या पुढं गेल्यावर त्यांनी मोजायचं सोडलं आणि एक खुर्ची ओढून घेतली.

सुकेशनी पडद्याशेजारी उभी राहून एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. पडद्यावरच्या बाईनं जाळं हातात घेताच हॉलमध्ये एकच गिल्ला झाला. “खालून! खालून!” बायका हसून बेजार झाल्या. सुकेशनीचा जीव मात्र टांगणीला लागला. चूक तर सापडली, आता हे उठून जाणार!

“गप ऱ्हावा जरा!” व्यंकटराव ओरडले. “चूक शिनेमावाल्याची न्हाई. ही बाई डोंगराकडची हाय, नवी नवरी. मघाशी न्हाई का बैलगाडीत बसून आली? हिला जाळ्यातलं काय कळतंय? अन् सासरी कुणी शिकवलंच न्हाई.”

हसू एकदम बंद पडलं. पडद्यावर नवऱ्यानं ते जाळं खांद्यावर टाकलं, बायकोकडं बघून हसला आणि नावेत बसला. “आरं, नको जाऊ रे,” मागून कुणीतरी म्हणालं. आभाळ भरून आलं. नाव लांब गेली. आणि ऐन त्याच घटकेला लाइट गेली.

ज्या गावच्या धरणावर वीज तयार होते, त्याच गावात वीज जावी, याचं येलदरीला नवल नव्हतं. पंखे थांबले. गोधड्यांनी बंद केलेल्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसांचा उकाडा दाटला. सुकेशनीनं डोळे मिटून घेतले. आता एकेक खुर्ची वाजणार. पण एकही वाजली नाही. अंधारात वाद पेटला. कुणी म्हणे, जाळं फाटलं तर कापून पाण्यात सोडून द्यावं, नाव तरी वाचती. कुणी म्हणे, गडी नवा न्हाई, त्यानं शिवण बघितलीच असणार, बायकोचं मन मोडू नये म्हणून बोलला नसणार. पाऊण तास झाला. लाइट येईना, आणि कुणी हलेना.

“ताई,” अंधारात भगवानरावांचा आवाज आला, “तो वापस येतोय का न्हाई, तेवढं सांगा.”

“ते सांगायचं नसतं, भगवानराव. बघायचं असतं.”

भगवानराव दार उघडून तरातरा बाहेर गेले. दहा मिनिटांनी टेम्पोचा हॉर्न वाजला. लग्नाच्या वरातीला लावायचा जनरेटर घेऊन ते स्वतः आले होते, घामानं निथळत. “लावा!” ते म्हणाले. “ताटकळून मारता का आमाला?”

शेवटचं दृश्य आलं तशी सुकेशनीला धडकी भरली. सकाळची वेळ. उंबऱ्यावर बसलेली बाई, तिच्या पायाशी कुत्रं. बाई बाहेर बघत राहते. नाव दिसत नाही, माणूस दिसत नाही. पडदा काळा होतो. लेखांमध्ये या अनुत्तरित शेवटाची भारी तारीफ होती, पण ती गावाला कशी समजावून सांगणार?

“म्हंजे गेला का काय?” भगवानरावांनी खुर्ची पुढं ओढली.

दिग्दर्शकानं ते आपल्यावर सोडलंय, असं सांगायला सुकेशनीनं तोंड उघडलं. तेवढ्यात मागून दगडाबाई कडाडली, “गेला कशानं? आला की! तुमचे डोळे कुठं होते? कुत्रं उठलं, शेपूट हलवत पुढं गेलं, अन् भुंकलं न्हाई. परकं माणूस असतं तर कुत्रं गप बसलं असतं का?”

“मागं घ्या! मागं घ्या!” सगळा हॉल उभा राहिला.

सुकेशनीनं सिनेमा मागं घेतला. आणि खरंच, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात कुत्र्यानं मान उचलली, ते उठलं, शेपूट हलवत चौकटीबाहेर गेलं. आवाज नाही. सात वेळा तिची नजर बाईच्या चेहऱ्यावरच राहिली होती.

“आला रे!” व्यंकटरावांनी खांद्यावरचा पंचा हवेत उडवला. शिट्ट्या, टाळ्या, बायकांचं खळखळून हसणं. आपल्याच धरणावरून कुणी सुखरूप घरी आल्यासारखे लोक एकमेकांच्या पाठी थोपटत होते. सुकेशनीला रडू आवरेना आणि तिनं आवरलंही नाही. ती दगडाबाईकडं गेली आणि सगळ्यांदेखत तिच्या गळ्यात पडली.

“आजून एकदा दाखवा ते कुत्रं,” भगवानराव खुर्चीवर उभे राहून ओरडले, आणि मग गावाकडं वळून बोट उगारत म्हणाले, “अन् ऐका सगळे! रविवारचा हॉल कुणी मला साखरपुड्याला मागायचा न्हाई. हॉल बुक हाय.”