आखूड दस्त्याची बंदूक

जुन्या लष्करी शॉटगन जमवणारी माणसं दर वसंतात ओहायोतल्या जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये जमतात. आपापली टेबलं मांडतात, एकमेकांच्या बंदुकांना नाकं मुरडतात आणि संध्याकाळी उत्तम मांडणीचं पदक कुणाला तरी मिळतं. १९९५ उजाडलं, तरी हार्लन ब्रुबेकरला ते कधी मिळालं नव्हतं. हार्लन दातांचा डॉक्टर. निवृत्तीनंतरही दात बघायचा छोटा आरसा तो खिशात ठेवायचा, आणि तोच बंदुकीच्या नळीत घालून तिचं पोट तपासायचा. लोक हसायचे. हसू देत.

बाकीच्यांना वेड पहारेकऱ्यांच्या आखूड नळीच्या बंदुकांचं. हार्लनचं सगळं प्रेम मात्र लांब नळीच्या, चाप ओढला की पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या एका शिकाऊ बंदुकीवर होतं. दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या मशीनगनला हात लावण्याआधी नौदलाची पोरं असल्या बंदुकांनी उडत्या मातीच्या तबकड्या फोडायला शिकली. शिकवणाऱ्यांत नौदलात भरती झालेल्या मुलीही होत्या. हे सांगताना हार्लनचा ऊर भरून यायचा, आणि ऐकणारा कॉफी आणायला निघून जायचा.

अडचण एकच होती. बंदुकीचा लाकडी दस्ता मागून चांगला दोन बोटं कापलेला होता, आणि तोही तिरका. या मंडळींत मूळ लाकडाला करवत लावणं म्हणजे महापाप. हार्लनचा अंदाज होता की तो नौदलाच्या तळावरच, शिक्षिकांसाठी कापला असावा. पण अंदाजाला गुण मिळत नाहीत.

"हे घे," रॉइस टॅकेट टॉवेलात गुंडाळलेला दस्ता टेबलावर ठेवत म्हणाला. रॉइस त्याचा जुना दोस्त, आणि सुट्या भागांचं तर भांडारच. "त्याच सालचा, अख्खा, शिक्क्यासकट. दोन स्क्रू फिरव, परीक्षक यायच्या आत बंदूक कारखान्यातून आली तशी, बरोबर होईल. पदक तुझं."

"आणि हा?"

"तो कुठल्या तरी शेतकऱ्यानं पोरासाठी कापलाय. करवतसुद्धा सरळ धरता आली नाही लेकाला. बघ की!"

हार्लननं नवा दस्ता हातात घेतला. सुंदर होता. मोह झाला, खोटं कशाला बोला. यंदाही हात हलवत घरी जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पण आपला अंदाज खरा असेल, तर आपल्याच हातानं आपण त्याचा पुरावा पुसून टाकू, ही भीती मोहापेक्षा मोठी निघाली.

"थांब जरा. मार्लिस येऊ दे," तो म्हणाला.

मार्लिस, म्हणजे त्याची बायको, सकाळीच इंडियानाला गेली होती. तिथं राहणाऱ्या आर्डिथ लिंडक्विस्ट बाईंनी युद्धात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पोरांना नेमबाजी शिकवली होती. कितीतरी फोन केल्यावर हार्लनला त्या सापडल्या होत्या, आणि मार्लिस त्यांनाच आणायला गेली होती. दोघी दारातून आत आल्या, तेव्हा मुख्य परीक्षक वेंडेल ओक्स शेजारच्या टेबलाशी पोचला होता.

आर्डिथबाई सत्तरी ओलांडलेल्या आणि ताडमाड उंच. हार्लननं बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी झटकन खांद्याला लावली, आणि त्यांचा अंगठा सरळ नाकावर आदळला.

"बसत नाही!" रॉइस म्हणाला. "सांगत होतो ना!"

हार्लनचं तोंड एवढंसं झालं.

"मला कशी बसेल?" आर्डिथबाई खेकसल्या. "माझी उंची बघा की जरा! मी पुरुषांचीच वापरायचे. ही आमच्या बुटक्या पोरींची." त्यांनी दस्त्याच्या टोकावरून बोट फिरवलं. "तिरका कापलाय ना? बरोबर आहे. तळावरच्या सुतारानं पहिला सरळ कापून दिला, तर खालचा कोपरा पोरींच्या छातीत रुतायचा. संध्याकाळी काळेनिळे डाग. तो बिचारा लाजून लाल. शेवटी मीच त्याला म्हटलं, अरे बाबा, आम्ही तुझ्यासारख्या सपाट नाही, खालचा कोपरा उडव!"

तोवर येऊन उभा राहिलेला वेंडेल खोकला. दोघंतिघं बुटांकडे बघू लागले.

"तू ये गं," त्यांनी मार्लिसला बोलावलं. मार्लिस जेमतेम नवऱ्याच्या खांद्याला लागायची, आणि इतक्या वर्षांत या हॉलमध्ये तिनं सँडविचं सोडून कशाला हात लावला नव्हता. "डावा पाय पुढे. कोपर वर. गाल लाकडाला. तबकडीच्या मागे धावू नकोस, तिच्या पुढे जा."

बंदूक मार्लिसच्या खांद्यात अलगद जाऊन बसली.

"टोचत नाही," मार्लिस नवलानं म्हणाली. मग तिनं नळी छताच्या कडेनं सावकाश फिरवली, आणि हार्लनला आपली बायको नव्यानं दिसली.

"आता तो रॉइसचा लावा," वेंडेलनं फर्मावलं. हार्लननं दस्ता बदलला. मार्लिसनं बंदूक खांद्याला लावली, खालचा कोपरा छातीत रुतला, आणि तिनं लगेच कळवळून ती खाली घेतली.

मग वेंडेलनं हार्लनचा दस्ता हातात घेतला आणि तो तिरका काप बराच वेळ निरखला. तो काप आजवर सगळ्यांनी मोजला होता, हार्लननंही. सगळ्यांनीच त्याला गबाळं काम म्हटलं होतं. खांद्याला लावून बघायला एखाद्या बाईला सांगावं, हे मात्र एकालाही सुचलं नव्हतं.

"यात बिघडलेलं काही नाही," वेंडेल म्हणाला. "पूर्ण गुण."

हार्लनला हुंदका आवरेना. अभिमानानं माणूस असा रडवेला होतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

रॉइस मात्र खोक्यावर मटकन बसला होता. "मी असे दोन बदलले," तो हळूच म्हणाला. "अशाच बंदुकांचे. तिरके कापलेले. अख्खे, बरोबर सालचे लावले, आणि ते कापलेले... शेगडीत घातले रे."

कुणी हसलं नाही. आजूबाजूची टेबलं सोडून बरीच माणसं जमली होती, आणि त्यांतल्या कितीजणांच्या घरी शेगडी होती ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

आर्डिथबाईंनी समोर उभं राहून मूळ दस्ता हार्लनकडून घट्ट बसवून घेतला. मग पन्नास वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या वाऱ्यात ज्या आवाजात त्या पोरांवर ओरडायच्या, त्याच आवाजात म्हणाल्या, "हिला आता कुणीही बरोबर करायला जायचं नाही. समजलं?"

"हो, मॅडम," तमाम पिकल्या केसांची माणसं एका सुरात म्हणाली.