मुक्या दिवसांची नोंद

मी एक जुना ट्रान्समीटर आहे. काडेपेटीएवढा, वर उन्हावर चालणारी काळी पट्टी. आता टेबलावर कागद उडू नयेत म्हणून मला ठेवतात. पण मित्रांनो, हसू नका! सहा वर्षे मी एका करकोचीच्या पाठीवर बसून समुद्र ओलांडले आहेत. शेजारच्या स्टेपलरने एवढे करून दाखवावे.

ज्या बाईंनी मला तिच्या पाठीवर बांधले, त्या पक्ष्यांची नोंदवही सांभाळत. या करकोचीला त्या लाडाने लंबूताई म्हणत. ती कुठे आहे हे मी तासातासाला कळवायचो, की संगणकावरच्या नकाशात ठिपका उमटायचा. तो नकाशा सर्वांना खुला होता. कुणीही घरबसल्या पाहावा. माझी छाती नुसती फुगलेली असायची.

तिसऱ्या वर्षी मात्र माझी वाचाच बसली. लंबूताई दलदलीतल्या गवतात अंड्यांवर बसली आणि तिच्या फुगलेल्या पिसांत मी गाडला गेलो. ऊन नाही, म्हणून वीज नाही. माझा शेवटचा ठिपका होता नावांच्या धक्क्यापाशी. घरटे त्याच्या बरेच पुढे. बाईंनी दोनदा दलदल पालथी घातली, पण हाती काही लागले नाही. मी सगळे ऐकत होतो आणि मला रडू येत होते.

त्यातच गाळ उपसणारी यंत्रे काठावर येऊन उभी राहिली. घरटे सापडले तर काम थांबणार, नाहीतर सोमवारी सुरू.

"बाई, वीस दिवस झाले," बाईंचे वरिष्ठ साहेब कचेरीत म्हणाले; हे मला पुढे कळले. "‘मृत’ लिहा आणि मोकळ्या व्हा. हसं होईल आपलं."

"डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कुणाला मारत नाही, साहेब."

‘मृत’ लिहिले की नकाशावरचा ठिपका पुसला जाई. बाईंनी ठिपका तसाच ठेवला आणि रोज त्यापुढे लिहिले: ठाऊक नाही.

रविवारी नावा दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांनी तो नकाशा मोबाइलवर उघडला. आपल्याच धक्क्यावर ठिपका, आणि पुढे ‘ठाऊक नाही’? त्यांनी नाव काढली आणि गवतातून शोधत पुढे गेले. दुपारी बाईंचा फोन वाजला.

"मॅडम, मेलीबिली काही नाही तुमची लंबूताई! अंड्यांवर बसलीये. माझ्यावरच चोच उगारली की हो!"

बाई हसता हसता रडल्या. सोमवारी यंत्रे आल्या वाटेने परत गेली.

पुढे माझा दोरा झिजला, मी गळून पडलो आणि आजोबांनी मला इथे, बाईंच्या टेबलावर, आणून दिले. मी कळवलेले हजारो ठिपके अजून नकाशावर आहेत. तरी मला सर्वांत अभिमान आहे तो त्या बावीस मुक्या दिवसांचा. म्हणून मित्रांनो, जे माहीत नाही तिथे न लाजता ‘ठाऊक नाही’ लिहा. त्या दोन शब्दांच्या आडोशाला आमची दोन पिल्ले वाढली.