एक हिवाळा वापरल्याशिवाय

ओड्वारचा एक नियम होता. कुऱ्हाड असो, हातमोजे असोत की करवतीला धार लावायची कानस, एक अख्खा हिवाळा स्वतः वापरल्याशिवाय त्या वस्तूबद्दल बरं बोलायचं नाही. वाईट बोलायला मात्र एक दुपार पुरे, असं तो म्हणायचा. खोऱ्यातले लोक दुकानात जाण्याआधी त्याच्या अंगणात यायचे. त्यानं मान हलवली की वस्तू घ्यायचे, ओठ मुडपले की तसेच घरी जायचे.

त्याची मुलगी सिग्ने शहरातली नोकरी सुटल्यावर घरी परतली आणि तिनं बापाची ती मान सगळ्या नॉर्वेला दाखवायला सुरुवात केली. बाप लाकूड फोडायचा, रचायचा, मधेच काहीतरी तिरकस बोलायचा. ती फोनवर चित्रित करायची आणि खाली वस्तूची लिंक द्यायची. त्या लिंकवरून कोणी कुऱ्हाड घेतली की तिला थोडं कमिशन मिळे. दोन वर्षं सगळं सरळ चाललं. वस्तू बापानं वापरलेली असे आणि कायदा मागतो तसा ‘जाहिरात’ हा शब्द पहिल्याच ओळीत ठळक असे. ओड्वारकडे बटणांचा जुना फोन होता. ऐंशी हजार माणसं आपल्याला बघतात हे त्यानं ऐकलं तेव्हा एवढंच म्हणाला, “त्यातले दहा आले असते तर ढीग तरी लवकर संपला असता.”

ऑक्टोबरात एका कंपनीनं लाकूड फोडायचं मशीन पाठवलं. एका मशीनवरचं कमिशन म्हणजे हातमोज्यांची चार महिन्यांची कमाई. स्वयंपाकघराचं छप्पर गळत होतं. ओड्वार म्हणाला, “ठेव गोठ्यात. माझं जुनं मेल्यावर बघू.” पेटी गोठ्यात गेली. कंपनीची बाई मात्र दर सोमवारी फोन करू लागली.

“अगं, नवीन चित्रित करायलाच हवं असं कुठाय?” ती म्हणाली. “जुन्या मशीनचं काही असेल ना? लोकांना बाबा दिसले की झालं. आणि चार मिनिटं कोण बघतंय! वीस सेकंद ठेव.”

जुन्या मशीनचं चार मिनिटांचं एक चित्रण होतं. अशा मशीनला दोन मुठी असतात. दोन्ही दाबल्या तरच पाचर खाली येते, म्हणजे दोन्ही हात पाचरीपासून लांब राहतात. एकट्यानं काम करणारी घाईची माणसं यातली एक मूठ पट्ट्यानं आवळून टाकतात, मग एक हात ओंडके सरकवायला मोकळा होतो. चित्रणात ओड्वारनं तेच करून दाखवलं होतं. चामडी पट्ट्यानं मूठ आवळली, “बघा, असं केलं की पटापट होतं,” म्हणाला आणि पाच ओंडके फोडले. खट, खट, खट. मग थांबला, पट्टा सोडला आणि डावा पंजा वर केला. त्याची दोन बोटं अर्धीच होती. “आणि मग हे असं होतं,” तो म्हणाला. “दोन मुठी दोन हातांसाठी असतात, गाढवांनो.”

सिग्नेनं ‘पटापट होतं’ आणि पाच ओंडके ठेवले. पुढचं कापलं. खाली न उघडलेल्या मशीनची लिंक दिली आणि ‘जाहिरात’ हा शब्द सगळ्यात शेवटी, चौदा शब्दांच्या गर्दीत टाकला. कापताना तिला कळलं नव्हतं असं नाही. तिला वाटलं होतं, दोन मुठी दोन हातांसाठी असतात हे कोणाला ठाऊक नसतं?

अकरा लाख लोकांनी ते बघितलं. छप्पर झालं.

जानेवारीत हालग्रिम नावाच्या माणसाचा निरोप आला: ‘मशीनबद्दल ओड्वारशी बोलायचं आहे.’ तिनं कंपनीचा पत्ता पाठवला, पुढे एक हसरा चेहरा लावला. दुसऱ्या निरोपात फोटो होता. इस्पितळातली खाट, पांढरी चादर आणि मनगटाशी संपणारं बँडेज. सिग्नेनं फोन टेबलावर पालथा ठेवला. संध्याकाळी तिनं त्याची सगळ्यांना दिसणारी टिप्पणी पुसली आणि त्याचं खातं आपल्यापुरतं बंद केलं. तो दुसऱ्या नावानं आला. ते नावही तिनं बंद केलं. मार्चपर्यंत अकरा निरोप झाले. अकरावा गुरुवारी आला: ‘शनिवारी येतो. त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे.’

ती शुक्रवारभर बापाला सांगण्यासाठी शब्द शोधत होती. शुक्रवार संपला.

शनिवारी दुपारी ऊन होतं आणि अंगणातल्या बर्फावर कडक साय धरली होती. ओड्वार ठोकळ्यावर बर्चचे ओंडके फोडत होता. त्याचा कुत्रा टास पायरीवर पडला होता. निळी गाडी आत आली. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस उतरला. कोटाची उजवी बाही पिनेनं वर टाचलेली होती.

ओड्वारनं कुऱ्हाड ठोकळ्यात रोवली. “ये बाबा. कॉफी ठेवलीय.” मग त्याची नजर बाहीवर गेली आणि त्यानं आपला डावा पंजा वर धरला. “लाकडानं घेतला?”

“तुमच्या लाकडानं.”

“माझ्या?”

“मी हालग्रिम. माझे निरोप मिळाले ना? अकरा होते.”

“कसले निरोप?”

सिग्ने दारात उभी होती. हातात ट्रे, ट्रेमध्ये तीन पेले, वाफल आणि तपकिरी चीजचे काप. एका वाक्याचं काम होतं. ती म्हणाली, “बाबा, आत चला.”

हालग्रिमनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “कसले निरोप म्हणे! म्हातारा बघा किती साळसूद! मी तुमचं ऐकून कुऱ्हाड घेतली, कानस घेतली. माझी बायको चेष्टा करायची, तुझं लग्न माझ्याशी झालंय की त्या ओड्वारशी? तुम्ही म्हणालात, पट्टा बांधा, पटापट होतं. बांधला.” त्याचा आवाज चढला. “मी सुतार आहे. होतो! तुटलेला पंजा उचलून बर्फात ठेवला बायकोनं, गुद्वेईगनं. पिशवीत घालून नेला. डॉक्टर म्हणाले, चुरा झालाय, काय शिवू?”

“पट्टा बांधा असं मी म्हणालो?” ओड्वारनं विचारलं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

हालग्रिमनं डाव्या हातानं ठोकळ्यातली कुऱ्हाड उपसली.

टास पायरीवरून सुटला. कुत्रा म्हातारा होता, पण अस्वलाला भुंकणाऱ्या जातीचा. त्यानं हालग्रिमची मांडी धरली. कुऱ्हाड एकदा खाली आली, आडवीतिडवी, डाव्या हातानं येते तशी. मग दुसऱ्यांदा आली, तेव्हा बरोबर आली. टासचे मागचे पाय बर्फ उकरत राहिले आणि थांबले. सिग्नेच्या हातातून ट्रे कधी पडला हे तिला नंतरही आठवलं नाही.

“चल,” हालग्रिम म्हणाला. आता ‘तुम्ही’ उरलं नव्हतं. त्यानं कोपरानं ओड्वारची मान धरली. “दाखव मला ते मशीन. तुझं. त्याच्यावर आज तुझा हात ठेवू. पट्टा मी बांधतो.”

तो त्याला गोठ्यात फरफटत घेऊन गेला. सिग्ने मागोमाग धावली. एका कोपऱ्यात जुनं, तेलानं काळं पडलेलं मशीन होतं, मुठीवर तोच चामडी पट्टा लटकत होता. शेजारी पेटी. पेटीवर ओड्वारचं नाव, ऑक्टोबरची तारीख, आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी, जशी आली तशी.

हालग्रिमनं पेटीकडे पाहिलं. मग हसू लागला. ते हसणं ऐकवत नव्हतं.

“उघडलीसुद्धा नाहीस. एक हिवाळा, म्हणे! अरे, चिकटपट्टी तरी कापायचीस!”

ओड्वारनं वाकून पेटीवरचं नाव वाचलं. तारीख वाचली. मग मागे वळून पाहिलं. “पोरी?”

“मी लावली ती लिंक,” सिग्ने म्हणाली. “तुम्ही बोटं दाखवता तो शेवट मी कापला. यांचे निरोप मी पुसले. बाबांना काही ठाऊक नाही. एकही गोष्ट ठाऊक नाही.”

हालग्रिम हळूच तिच्याकडे वळला. जणू ती आत्ता गोठ्यात आली होती.

“तू वाचलेस? फोटो बघितलास?”

“हो.”

“आणि हसरा चेहरा पाठवलास.”

“तो आधी. फोटोच्या आधी.” हे बोलल्याची लाज तिला तेव्हाच वाटली.

कुऱ्हाड वर गेली. ओड्वार मधे आला. एकाहत्तर वर्षांचा माणूस इतका चपळ असू शकतो हे सिग्नेला ठाऊक नव्हतं. “नाव माझं होतं,” तो म्हणत होता, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत पातं त्याच्या मांडीत शिरलं, जांघेच्या जरा खाली. हालग्रिमनं ते ओढून काढलं, आणि मग रक्त आलं. ते वाहिलं नाही, उडालं. हृदयाच्या ठोक्यासरशी, पेटीवर, चिकटपट्टीवर.

सिग्नेच्या हाताशी बर्चचा फोडलेला ओंडका होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि हालग्रिमच्या कानावर मारला. तो गुडघ्यावर आला. दुसरा घाव तोंडावर बसला, दात गेल्याचा आवाज आला. कुऱ्हाड त्याच्या हातातून केव्हाच सुटली होती. तिनं तिसऱ्यांदा मारलं, मग चौथ्यांदा, नुसत्या खांद्यावर, पाठीवर, जिथे लागेल तिथे. त्या दोन घावांची गरज नव्हती. तिनं ते पुढे पोलिसांनाही सांगितलं.

“पुरे,” ओड्वार भिंतीला टेकून म्हणाला. “सिग्ने. पट्टा.”

तिनं जुन्या मशीनवरचा पट्टा सोडवला, मांडीभोवती गुंडाळला, त्यात एक बर्चची काठी घातली आणि पिरगाळू लागली. रक्तानं हात निसटत होते. जखम दाबायला तिसरा हात हवा होता. तो मागून आला. हालग्रिम सरपटत आला होता. तोंडातून रक्ताची लाळ लोंबत होती. त्यानं आपला एकुलता पंजा जखमेवर ठेवला आणि सगळा भार टाकला.

“ओढ,” तो म्हणाला. “अजून. ओढ, बये!”

काठी एका हातानं धरून तिनं फोन केला. इस्पितळाचं हेलिकॉप्टर यायला पस्तीस मिनिटं लागली. ओड्वारनं त्यातली वीस काढली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण डोळे जागे होते.

“तो शेवटचा भाग,” त्यानं विचारलं. “ठेवलायस का?”

“ठेवलाय, बाबा.”

“मग लाव.”

नंतर तो काही बोलला नाही. हालग्रिमनं पंजा काढला नाही. पायलटनं त्याला धरून उठवलं तेव्हा तो पंजा जखमेला चिकटला होता.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी सिग्नेनं चारही मिनिटं लावली. वर आपण काय कापलं, कशासाठी कापलं आणि कोणाचे निरोप पुसले ते लिहिलं. खाली कसलीच लिंक नव्हती. जुन्या सगळ्या लिंकाही तिनं एकेक करून काढल्या. वीस सेकंद अकरा लाखांनी पाहिले होते. चार मिनिटं नऊ हजारांनी पाहिली. न्यायालयात तिनं ते अकरा निरोप मोठ्यानं वाचून दाखवले. तिचाच वकील कपाळाला हात लावून बसला होता. हालग्रिम खाली बघत होता. त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली.

नोव्हेंबरात एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

“गुद्वेईग बोलतेय. हालग्रिमची बायको. तुला फोन करायची मला हौस नाही. पण इथे अंगणात न फोडलेलं लाकूड पडलंय, आणि ते मशीन पडलंय. आता मलाच फोडायचंय. दोन्ही मुठी दाबून, नीट वापरलं, तर ते मशीन चांगलं आहे की वाईट? एवढंच सांग.”

सिग्नेनं खिडकीतून गोठ्याकडे पाहिलं. पोलिसांनी परत आणून दिलेली पेटी तशीच होती.

“मला ठाऊक नाही,” ती म्हणाली. “मी अजून ते वापरलेलं नाही.”

“कधी कळेल?”

“मे महिन्यात.”

“मेपर्यंत मी गोठून मरेन, बाई.”

“हो,” सिग्ने म्हणाली. “बाबांचं जुनं आहे. ते मी बावीस हिवाळे बघितलंय. उद्या घेऊन येऊ?”

पलीकडे भांड्यात चमचा फिरल्याचा आवाज आला.

“पट्टा आणू नकोस,” गुद्वेईग म्हणाली आणि फोन ठेवला.

सिग्ने गोठ्यात गेली. जुनं मशीन गाडीत चढवायला दोन माणसं लागतात. ती एकटी होती. फळ्या लावून, इंच इंच सरकवत, तिनं ते चढवलं. मग सुरी घेतली, पेटीवरची चिकटपट्टी कापली आणि नवीन मशीन बाहेर काढलं. हिवाळा नुकताच सुरू झाला होता.