कामटीखाली दडलेला उंचवटा

सुज्ञ वाचकहो, हायड्रोजन वायूची अंतराळातून येणारी अतिक्षीण रेडिओ-हाक आकाशगंगेच्या गोंगाटातून वेगळी काढताना एका प्रामाणिक मनुष्याच्या जिवाची कशी घालमेल झाली, ते वृत्त मी येथे यथामती निवेदन करीत आहे.

सन १९७८. कळंब्याच्या रस्त्यावरील एका महाविद्यालयात सिकंदर हा प्रयोगशाळेचा शिपाई होता. पूर्वी तो इचलकरंजीस जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा, होता. प्राध्यापिका मीनाबाईंसाठी ती हाक झेलण्यास त्याने चार महिने खपून, सांध्यांना कथलाचा डाख लावून पत्र्याचा भला थोरला कर्णा घडविला व गच्चीवर आकाशाकडे तोंड करून बसविला. परंतु हायड्रोजन काही सापडेना. शनिवारपर्यंत न सापडल्यास कर्णाच सदोष ठरून मोडीत जाणार होता.

सिकंदरास अन्न गोड लागेना. गच्चीवर चढे, डाख चाचपी, पुन्हा खाली येई.

"काय सिकंदर," भांडारातला केरबा जिन्यातून ओरडला, "तुझ्या नरसाळ्यातनं चांदण्या गळायल्यात व्हय रं?"

"गळंल तर तुझं टकुरं गळंल! माझा डाख न्हाय गळायचा."

आकाशगंगेचा गोंगाट आलेखावर संथ उतरणीसारखा उतरतो. हायड्रोजन तेवढा एके ठिकाणी किंचित उंचवटा काढतो. म्हणून मोजमापांच्या ठिपक्यांलगत बांबूची कामटी वाकवून गोंगाटाची रेघ मारायची व ती वजा करायची. सिकंदर सात टाचण्या टोचून प्रत्येक ठिपक्यास कामटी भिडवी. "मामांची रेघ म्हणजे छापील!" असे मीनाबाई कौतुकाने म्हणत. वजाबाकी मात्र दरवेळी सपाट येई.

शनिवारी केरबा हातोडा घेऊन गच्चीकडे निघाला. त्याच्या पावलांच्या आवाजाने खाली रेघ मारीत बसलेला सिकंदर दचकून वळला, कोपराच्या धक्क्याने मधल्या टाचण्या निसटल्या आणि कामटी ताडकन सरळ झाली. सहा ठिपके तिच्या वर उघडे पडले.

सिकंदरास इचलकरंजीचे माग आठवले. चाळीस माग धडधडत असता जॉबर एकेका मागाला कान लावीत नाही. धडधड तशीच वाहू देतो, तेव्हाच एखाद्या मागात अडलेला, आडवे सूत नेणारा धोटा ऐकू येतो. त्याने जुने कागद काढले, दोन्ही कडांनाच टाचण्या लावल्या. उंचवटा त्याच जागी! दोन महिने त्याच्या नीटनेटकेपणानेच तो गोंगाटासोबत वजा केला होता.

तो कागद घेऊन जिना धावत चढला. गच्चीवर मीनाबाई कर्ण्यापाशी उभ्या होत्या.

"बाई, हातोडा थांबवा! कर्णा धड हाय. हायड्रोजन मीच खाल्ला की वो, ह्या कामटीनं!"

मीनाबाईंनी कागद ताडून पाहिले. "मामा, छापील छापील म्हणून मीच तुम्हाला बिघडवलं."

केरबाने हातोडा खाली ठेवला. "मग आता टाचण्या किती दिऊ?"

"दोनच. कडंला."

आपला बहुमोल वेळ देऊन हे वृत्त वाचल्याबद्दल वाचकवर्गाचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.
— यल्लाप्पा गुंडू शिरगावे