कमलचा काळ्या

ही गोष्ट २०१३ सालची, उन्हाळ्याच्या तोंडची. माझा धाकटा भाऊ वामन निंबोल्याला केळी करायचा. मी बुऱ्हाणपुरात राजपुऱ्याला राहत होते, मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. वामनचा एकुलता एक मुलगा प्रकाश रक्ताच्या कर्करोगाने मुंबईला दवाखान्यात होता. औषधांनी रोग दबला होता, पण तो पुन्हा उसळणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. घरातल्या कोणाची तरी अस्थिमज्जा हवी होती. पूर्ण जुळणारं कोणीच नव्हतं. आई कमल आणि बाप वामन, दोघंही अर्धे जुळत होते.

डॉक्टरांचं मत आईच्या बाजूने पडलं. मात्र ते म्हणाले, "खात्री कशाचीच नाही. घरी बोला आणि लवकर कळवा."

प्रकाशजवळ कमलचा भाऊ थांबला आणि वामन, कमल आणि मी माझ्या घरी परतलो. माझी आई धुरपदाबाई निंबोल्याहून माझ्याकडे येऊन बसलीच होती.

"पोऱ्या कोणाचा?" सुपारी कातरता कातरता तिनं विचारलं. "आपल्या कुळाचा ना? मंग रक्त दुसऱ्या घरचं कसं चालंल?"

"आत्याबाई, मी माय आहे त्याची," कमल म्हणाली.

"माय आहेस, पण कूळ वामनचं."

वामनची अडचण वेगळी होती. "अक्का, मी धडधाकट बसलोय, अन् हिला सुया टोचायच्या? वरतून डॉक्टर म्हणतो, हिच्या काही पेशी प्रकाशला आपला म्हणून ओळखत नाहीत, म्हणूनच त्या चांगल्या! असं कुठं असतं?"

मी त्याला समजावू लागले. रक्तात पहारा देणाऱ्या काही पेशी असतात, त्यांना मारक पेशी म्हणतात. त्यांच्या अंगावर दोन जातींचे ग्राहक, म्हणजे समोरच्या पेशीची खूण टिपणारे रेणू, असतात. एका जातीचे पेशीला डिवचतात: समोरची पेशी बिघडलेली दिसते, तुटून पड. दुसऱ्या जातीचे तिला आवरतात: समोर आपली खूण दिसते, थांब. मारायचं की सोडायचं, हे या दोन्ही ओढींच्या तोलावर ठरतं. प्रकाशच्या रोगट पेशींवरही घरची खूण शाबूत होती. वामनच्या पहारेकऱ्यांना नेमकी तीच खूण आवरणार. कमलच्या काही पहारेकऱ्यांना आवरणारी खूण मात्र वेगळी, तिच्या माहेरची. ती प्रकाशकडे उतरलीच नव्हती.

"मंग त्या माझ्या पोरालाच फाडतील!"

"मीही हेच विचारलं डॉक्टरांना. ते म्हणाले, आवरणारं कोणी नसलं तरी आधी डिवचणारं कोणी लागतं. चांगलं अंग त्यांना सहसा डिवचत नाही."

वामननं मान हलवली. त्याला काही पटलं नव्हतं. तेवढ्यात कमल हळूच म्हणाली, "अक्का, म्हंजे आपला काळ्या."

काळ्या आम्हां सगळ्यांना आठवत होता.

कमल लग्न होऊन आली, त्याच्या दुसऱ्या वर्षी तिनं माहेराहून कुत्र्याचं एक काळं पिल्लू आणलं. तिचं माहेर डोंगरपट्ट्यातलं, कपाशीचं आणि शेळ्यांचं. त्या वर्षी आमच्या मळ्यातले केळीचे घड रोज कोणी तरी कापून नेत होतं. घरच्या सगळ्यांच्या कपड्यांना केळीच्या चिकाचा वास असायचा. त्या वासावर वाढलेला आमचा जुना मोती चोर आला तरी शेपूट हलवायचा. काळ्या शेळ्यांत वाढलेला, त्याला चिकाच्या वासाचं काही नव्हतं. दिवसा मजूर शेजारून जायचे तरी तो डोळा उघडायचा नाही. पण एका संध्याकाळी कोणी वाकून, लपतछपत विळा चालवायला लागलं, आणि काळ्यानं पोटरी धरली ती सोडलीच नाही.

तो आमचा चुलतभाऊ चुडामण निघाला. आईनं आकांत केला. घरच्या माणसाला चावणारा कुत्रा दारात नको! काळ्याची रवानगी कमलच्या माहेरी झाली. चोरीचं कोणी नावही काढलं नाही.

"मोती गप का राहिला, हे तेव्हा कोणी इचारलंच नाही," कमल म्हणाली. इतक्या वर्षांत त्या गोष्टीवर ती पहिल्यांदाच बोलत होती.

आईचा अडकित्ता थांबला. "चुडामण घरचा होता व."

"प्रकाशच्या रक्तात आहे ते बी घरचंच आहे, आत्याबाई."

वामननं खिशातला मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. मग म्हणाला, "अक्का, डॉक्टरला फोन लाव. सांग, हिचंच घ्या." आणि कमलकडे वळून, "भेव वाटते का?"

"वाटते. काम झाल्यावर मलेबी माहेरी धाडाल म्हणून."

"आता कुठं धाडतो! माझ्या पोरातच बसशील तू."

आई तोंड फिरवून हसली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणी हसलं होतं.

पुढचे महिने कठीण गेले. ताप आले, अंगावर चट्टे उठले, एकदा तर आम्ही आशा सोडली होती. पण कमलच्या पेशी रुजल्या. वर्षभरात प्रकाशचा रक्तगटही बदलून आईचा झाला. हे कळल्यावर माझ्या आईनं विचारलं, "मंग आता याचं देवक कोणतं?"

चुडामण प्रकाशला बघायला आला तेव्हा धोतर वर करून पोटरीवरची खूण दाखवत म्हणाला, "तुह्या मायच्या कुत्र्याची!" तो आता नाही. काळ्या कमलच्या माहेरीच म्हातारा होऊन कधीचाच गेला होता. वामन २०२० च्या पावसाळ्यात हृदयविकारानं गेला. मुलाचं लग्न बघून गेला, एवढं समाधान.

ते लग्न २०१९ सालचं. मांडवात देवक बसवताना पुरोहितानं आमच्या कुळाची उंबराची डहाळी मागितली. नव्वदीची आई काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, "शमीचीबी आणा. कमलच्या माहेरची." पुरोहित म्हणाला, "आजी, असं करत नाहीत." आई म्हणाली, "आमच्याकडे करतात." त्यानंतर दोन वर्षांनी तीही गेली.

प्रकाश मुलांना गणित शिकवतो. निंबोल्याचा मळा कमल बघते. मला आता गुडघ्यांमुळे तिकडे जाणं होत नाही. मागच्या महिन्यात तिचा फोन आला होता. माहेराहून नवीन पिल्लू आणलंय, म्हणाली.