सामानाचा तंबू

“सामानाला वेगळा बंगला? मग न्हाणीघर कुठं बांधताय, काका?” सहलीच्या कप्तानाने विचारले आणि सगळे हसले.

भांडारपालही हसला. हसता हसता त्याचे हात दुसऱ्या तंबूच्या खुंट्या ठोकत होते. तंबू जेमतेम सव्वा किलोचा, त्याने स्वतःच्या पाठीवरून आणलेला. कोणाच्या पोटात दुखायचे कारण नव्हते. कारखान्याच्या भांडारात एकतीस वर्षे नटबोल्ट सांभाळलेला माणूस, त्याला पसारा खपत नाही, एवढेच सगळ्यांना ठाऊक होते. त्याहून जास्त कळू नये म्हणून सकाळपासून त्याच्या जिवाचा आटापिटा चालला होता.

खरे कारण पलीकडे दगडावर बुटांच्या नाड्या सोडत बसले होते. वर्षभरात त्याच्या बायकोची नजर कडांनी मिटत आली होती. समोरचे नळीतून पाहावे तसे स्वच्छ दिसे; पायाशी काय आहे ते मात्र दिसत नसे. गेल्या सहलीत ती तंबूतल्या तंबूत पाठपिशवीला अडखळून आडवी झाली, तेव्हा झोपेत तोल गेला म्हणून वेळ मारून नेली होती. या खेपेला झोपायच्या तंबूत दोन अंथरुणे आणि एक पाण्याची बाटली, बस्स. बाकी सारे शेजारच्या तंबूत.

उद्या सकाळी सगळे सुळक्यावर जाणार होते. वाट रुंद होती, बायकोच्या पुढे तो चालणार होता. “एकदा वरून सगळं बघून घेऊ दे,” तिने बजावले होते, “मग खुशाल गावभर सांगा.” कप्तानाला आधी कळले असते, तर त्याने तिला पायथ्यावरूनच परत पाठवले असते.

चारच्या सुमारास वारा सुटला. नव्यानेच लग्न झालेल्या जोडप्याच्या तंबूची काठी कडकन मोडली आणि कापड उभे फाटले.

“काही बिघडत नाही,” कप्तान म्हणाला. “काकांचा बंगला आहे की. काका, सामान तुमच्यात घ्या, हा पोरांना द्या.”

भांडारपाल तंबूच्या दारात येऊन उभा राहिला. “तो... तो गळतो.”

“नवा कोरा तंबू गळतो?”

“शिवणीतून.”

कप्तानाने बाटलीभर पाणी छतावर ओतले आणि आत डोके घातले. “थेंब नाही. एवढी वर्षं भांडार सांभाळलंत, अन् घरचा माल तपासून घेतला नाहीत?”

“आत स्टोव्हचं रॉकेल आहे. वास मारतो.”

या वेळी कोणी हसले नाही. नवी नवरी फाटके कापड गुंडाळत होती, ती थांबली. “राहू दे हो. आम्ही पडू कुणाच्याही कोपऱ्यात. काकांच्या सामानाला सर्दी नको व्हायला.”

तो मान खाली घालून उभा राहिला. तिसरे खोटे त्याला सुचेना.

“अहो,” मागून बायकोचा आवाज आला, “देऊन टाका.”

“अगं, पण...”

“पोरांना कुडकुडत बसवणार का?” ती कप्तानाकडे वळली. त्याचा चेहरा नजरेत सापडेपर्यंत तिची मान इकडेतिकडे जराशी हलली. “कप्तान, यांच्यावर नका चिडू. मला कडेचं दिसत नाही. पायात सामान आलं की पडते मी. एवढंच आहे.”

कप्तानाने डोक्यावरची टोपी काढली. “काकू, आधी सांगायचंत.”

“सांगितलं असतं तर आणलं असतंत?”

कप्तानाने स्वतः एकेक पिशवी उचलून त्यांच्या तंबूत नेली, कडेला ओळीने लावली, पट्टे आत दुमडले. नव्या नवरीने भांडारपालाच्या बायकोचे कोपर धरले आणि सपाट जमिनीवरून तिला पावलापावलाने तंबूपर्यंत आणले. तिने धरू दिले. शेवटची पिशवी ठेवून झाल्यावर कप्तान तिच्याकडे न बघता म्हणाला, “उद्या तुम्ही दोघं इथंच थांबा. सामानाजवळ कोणीतरी हवंच.”

“बरं,” ती म्हणाली.

सगळे आपापल्या कामाला पांगले. ती तंबूच्या तोंडाशी उभी राहिली.

“सुळका कुठल्या बाजूला आला?”

भांडारपालाने तिचे खांदे धरून तिला थोडे डावीकडे वळवले, मग हनुवटीखाली बोट लावून मान किंचित वर केली. मघाच्या वाऱ्याने ढग खाली आणले होते. झाडांच्या रांगेवर नुसते करडे होते, सुळका नव्हताच.

त्याने बोट तसेच ठेवले.

“दिसतोय,” ती म्हणाली. “हलू नका. असंच धरून ठेवा.”