आकडेबाबा आणि पंक्चर सायकल

"आता जे दाखवणार आहे, त्यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही!" आकडेबाबा गरजले, आणि हॉलभर माणसांनी काही बघायच्या आधीच विश्वास ठेवून टाकला.

गणिताच्या बाई शेवटच्या रांगेत दात-ओठ खात बसल्या होत्या. थोरल्या भावाचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात, दुपारी समोरच्याच हॉस्पिटलात ऑपरेशन, आणि वहिनी म्हणते, बाबा नको म्हणाले तर ह्यांना घरीच नेते!

"पेशंटच्या खोलीचा आकडा?" बाबांनी वहिनीला विचारलं.

"सहाशे चौदा," वहिनी कापऱ्या आवाजात म्हणाली.

"एकदा देहासाठी लिहा, एकदा आत्म्यासाठी. झाला महाआकडा, सहा लाख चौदा हजार सहाशे चौदा! आता सातानं रोग कापा, अकरानं भीती कापा, तेरानं मरण कापा!"

वहिनीनं कॅल्क्युलेटरवर भागलं. तिन्ही वेळा पुरता भाग गेला, आणि शेवटी पडद्यावर उभा राहिला सहाशे चौदा! पुढच्या बाकावरच्या दुकानदाराला इतकं भरून आलं, की त्यानं शेजाऱ्याच्याच रुमालाला नाक पुसलं.

"आकडा परत आला, माणूसही परत येणार! ऑपरेशन रद्द!"

बाई उठल्या. "बाबा, माझाही एक पेशंट आहे. तीनशे अठ्ठावन्न."

पुन्हा सात, अकरा, तेरा. पुन्हा तीनशे अठ्ठावन्न. "वाचला!" बाबा डोळे मिटून म्हणाले. "त्याला सुईसुद्धा टोचू नका!"

"अहो, हा सायकल स्टँडचा बिल्ला आहे. मागचं चाक पंक्चर आहे. तसंच ठेवू म्हणता?"

हॉल खो-खो हसला. दुकानदार तर सगळ्यांत मोठ्यानं.

"हसताय काय? आत्ता रडत होता ना!" बाई फटकारत म्हणाल्या. "तीन अंकी आकडा दोनदा लिहिला, की तो एक हजार एकनं गुणला जातो. आणि सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार किती? एक हजार एकच! आधी गुणायचं, मग तेवढ्यानंच भागायचं. घातलं तेच बाहेर येणार. माणसाचा आकडा घ्या, नाहीतर म्हशीचा. वहिनी, आकड्याला अपेंडिक्स नसतं, दादाला आहे. दुखण्याचं डॉक्टरांना विचारा, आणि चमत्काराचा हिशेब स्वतः करून बघा."

"या बाईंना काय कळतंय!" बाबांनी आवाज चढवला. "या महाआकड्याला सतरासुद्धा पुरता जातो! काल ध्यानात मी स्वतः पाहिलंय!"

वहिनीनं महाआकडा पुन्हा घातला, सतरानं भागलं, आणि पडद्याकडे बघत राहिली. मग पिशवी खांद्याला लावली.

"वन्सं, चला. ह्यांना ऑपरेशनला आत घ्यायची वेळ झाली."

जाता जाता तिनं कॅल्क्युलेटर बाबांच्या नाकाखाली धरला. "हे बघा, टिंबापुढे केवढी शेपटी लोंबतेय! नाही जात सतरा. खोटं बोलता तुम्ही!"